एकोणीस फुलांची फेरी

शर्यतीच्या आधी माझा भाचा जीवन गाडीत बसायचा, पट्टा आवळायचा आणि खिडकीतून मान बाहेर काढून एकच विचारायचा, "मामा, पाणी?"

मी म्हणायचो, "बघितलं."

म्हणजे रेडिएटरमधलं पाणी. एवढं झालं की तो गाडी सुरू करायचा. सात वर्षं शर्यतीआधी आमचं याहून जास्त बोलणं झालं नाही आणि तशी गरजही कधी पडली नाही. मग पुढची नऊ वर्षं मला हा प्रश्न कुणी विचारला नाही. माणसाला कशाची ओढ लागेल याचा काही नेम नाही. कुणाला गावाची लागते, कुणाला आईच्या हातच्या भाकरीची. मला या एका प्रश्नाची लागली होती, आणि तो जीवननंच विचारायला हवा होता.

हे आज सांगत बसायचं कारण म्हणजे, मागच्या महिन्यात एका पेपरात नाशिकच्या जुन्या मोटार शर्यतींवर लेख आला. त्यात आमच्या टीमबद्दल चार ओळी होत्या आणि चारांतल्या दोन चुकीच्या. 'विधाते रेसिंग' ही टीम कै. खंडेराव विधाते यांनी हौसेखातर काढली, ही एक. आणि शेवटच्या शर्यतीत मेकॅनिकच्या निष्काळजीपणामुळे गाडी बंद पडली, ही दुसरी. तो मेकॅनिक मी. नाव छापलं नाही, तेवढे उपकार केले.

आधी हौसेचं बघू. हौस कसली, घाई होती. खंडेराव म्हणजे माझे दाजी. त्यांचा मखमलाबादला फुलांचा मळा. झेंडू, शेवंती, गुलछडी. मॅटाडोर भरून माल दादरला न्यायचा, आणि बाजारात जो आधी पोहोचेल त्याचं फूल आधी उचललं जाणार. "फूल तोडलं की ते मरायला लागतं," हे दाजींचं रोजचं वाक्य. कसाऱ्याच्या घाटात त्यांनी मॅटाडोर पुढं काढली की मागचे फुलवाले त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. वीस वर्षं हा माणूस सुकणाऱ्या फुलांशी शर्यत लावत होता. माणसांशी लावणं त्याला त्या मानानं सोपंच गेलं असणार.

माझी थोरली बहीण नवसाबाई त्यांना दिलेली. मी तिला आक्का म्हणायचो. आम्ही मूळचे देवळ्याचे. तिकडे कांद्यात माझं मन लागेना, म्हणून आक्कानं मला नाशकाला आणलं आणि पेठ रोडला एका गॅरेजात चिकटवलं. पुढं मी स्वतःचं गॅरेज टाकलं, ते मळ्याच्याच कडेला. लग्न केलं नाही. का, ते विचारू नका, त्याचा या गाडीशी काही संबंध नाही.

एक्क्याण्णव साली दाजी दादरहून मॅटाडोरच्या ऐवजी एक काळी-पिवळी फियाट चालवत आले. मॅटाडोर मागून दुसरा कुणी घेऊन आला. मी म्हटलं, "दाजी, ही टॅक्सी हाय."

"होती. आता नाय."

"हिचं करायचं काय?"

त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. पेट्रोल पंपावर चिकटवलेलं पोस्टर त्यांनी सरळ फाडून आणलं होतं. आडगावच्या पुढं माळावर मातीचं रिंगण केलं होतं, तिथं शहरातला एक क्लब गाड्यांच्या शर्यती भरवणार होता. एका वेळी सहा गाड्या, एक किलोमीटरचं रिंगण. त्यात एक स्टॉक क्लास. म्हणजे गाडी कंपनीतून जशी बाहेर पडली तशीच पळवायची, इंजिनाला हात लावायचा नाही. आमची तर कंपनीतून बाहेर पडून मुंबईचे खड्डे पंधरा वर्षं मोजून आलेली. मी इंजिनाला हात लावला नसता तर ती गणेशवाडीच्या फुलबाजारापर्यंतही पोहोचली नसती. पण नियमात राहून जे जे करता येतं ते मी केलं. काळा भाग पिवळा केला. आत माणूस चिरडू नये म्हणून पाइपांचा सांगाडा बसवावा लागतो, तो मी पहिल्यांदा द्राक्षाच्या मांडवाच्या अँगलनं केला. तपासायला आलेला माणूस इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. मग पाइपाचा केला. पंचवटीतल्या ज्या पेंटरनं मॅटाडोरवर 'विधाते फुलभांडार' लिहिलं होतं, त्यालाच दारावर 'विधाते रेसिंग' लिहायला बोलावलं. त्यानं सवयीनं खाली एक गुलाबही काढला. राहू दिला.

टॅक्सीची एकच वस्तू आम्ही काढली नाही. बॉनेटच्या डाव्या अंगाला, जिथं मीटर बसवलेला असतो, तिथली लोखंडी खुंटी. तिच्यावर दसऱ्याची माळ बांधायची, असं आक्कानं ठरवलं होतं.

ही माळेची गोष्ट नीट ऐका, कारण सगळं तिथं येऊन अडतं. दसऱ्याला सगळेच गाड्यांना माळा घालतात. पण विधात्यांच्या घरात त्याला एक नेम. दसऱ्याला वाहनावर चढवलेली माळ हातानं उतरवायची नाही. ती वाळून, तुटून, आपोआप गळेपर्यंत राहू द्यायची. ज्यांचं पोट फुलावर, त्यांनी देवाला वाहिलेलं फूल परत घ्यायचं नसतं, असं दाजींची आई म्हणायची, आणि आक्कानं ते सासूपेक्षा जास्त मनावर घेतलं. दिवाळीपर्यंत आमच्या मॅटाडोरवर काळीठिक्कर पडलेली माळ लोंबत असायची. मी मात्र पहिल्याच वर्षी सांगून ठेवलं होतं की शर्यतीच्या गाडीला पुढच्या जाळीवर माळ चालणार नाही, तिथून इंजिनाला वारा लागतो. म्हणून ती खुंटी.

पहिली शर्यत दाजी स्वतः पळाले आणि सहांत सहावे आले. घरी मात्र असे आले की मळ्यातल्या बायकांना वाटलं जिंकले. दुसऱ्या दिवशी त्यांच्याच्यानं कमरेतून वाकवेना. मग जीवन बसला. अठरा वर्षांचा होता, कॉलेजात नावापुरता. त्यानं पहिल्या वळणावर गाडीचं ढुंगण असं अलगद बाहेर फेकलं आणि परत सरळ केलं की मी हातातला पाना खाली टाकला. हे शिकवून येत नाही. मी गाडी दुरुस्त करू शकतो, पण तिच्याशी असं बोलता येणारा माणूस मी दुसरा बघितला नाही.

दाजींकडे घड्याळ होतं, बटण दाबलं की पळणारं. आक्काला त्यात काही कळायचं नाही. ती रिंगणाच्या कडेला गोणपाट टाकून बसायची, पुढ्यात झेंडूची टोपली, हातात सुई-दोरा. कुठंही गेली तरी तिचे हात रिकामे नसायचे. जीवन समोरून गेला की ती आंब्याचं पान ओवायची, आणि पुन्हा समोरून जाईपर्यंत फुलं. दोन पानांच्या मधली फुलं मोजली की फेरी किती वेळात झाली ते कळलं. साधारण बावीस फुलं. गाडी नीट चालत नसली की चोवीस. दाजींचं घड्याळ दोनदा बिघडलं, आक्काचे हात कधी बिघडले नाहीत. पुढं पुढं तर जीवन गाडीतून उतरला की बापाकडे न जाता आधी तिच्याकडे जायचा.

"आई, किती?"

"एकवीस आन् एक कळी," ती म्हणायची.

ब्याण्णव ते अठ्ठ्याण्णव, सात हंगाम. आम्ही अकरा शर्यती जिंकल्या. नाशिक, पुण्याकडं, कोल्हापूर, एकदा गोव्यालाही. मॅटाडोरमागं लोखंडी दांडी लावून गाडी ओढत न्यायची, आत आम्ही चौघं आणि जेवणाचे डबे. आक्का माझ्याशी माहेरच्या बोलीत बोलायची, बाकीच्यांना कळू नये म्हणून. "आपला जीवन भारी शे, पन त्याले सांगू नको," ती मला दर वेळी सांगायची. मी सांगायचो नाही. ते दिवस आठवले की मला रागच येतो. इतकं चांगलं चाललंय हे तेव्हा कुणीतरी कानात सांगायला हवं होतं.

अठ्ठ्याण्णवचा दसरा गुरुवारी होता आणि शर्यत रविवारी, आपल्याच आडगावच्या रिंगणावर. त्या वेळी कोइमतूरहून एका मोठ्या टीमची दोन माणसं बघायला आली होती. त्यांना एक ड्रायव्हर हवा होता. जीवनशी त्यांचं आधी बोलणं झालं होतं. आज जिंक आणि आमच्याबरोबर चल, असं साफ सांगितलं होतं. तिकडं खऱ्या शर्यतीच्या गाड्या, डांबराचा ट्रॅक. पोरगा चोवीस वर्षांचा. चार दिवस नीट जेवला नव्हता.

सकाळी सराव झाला. आक्का कडेला बसून ओवत होती. सरावातली शेवटची फेरी झाली, तिनं पान ओवलं, फुलं मोजली आणि पुन्हा मोजली. मग मला हाक मारली.

"भाऊ, एकोनीस."

"मोजायला चुकलीस."

"मी?" ती म्हणाली. तेवढंच म्हणाली.

एकोणीस फुलांत फेरी त्या रिंगणावर कधी झाली नव्हती. आक्कानं ती माळ गाठ मारून पुरी केली आणि मीटरच्या खुंटीवर, दसऱ्याच्या माळेच्या जोडीला बांधली. आता ती पण वाहिलेली माळ झाली. दुपारी शर्यतीआधी तपासणी होते. या वेळी नवा तपासनीस होता. त्याचं म्हणणं, गाडीवर काहीही लोंबकळता कामा नये, खुंटीवरचं सगळं काढा. मी तेव्हा मागच्या टायरची हवा बघत होतो. तो बोलला ते मला ऐकू आलं, आणि आक्का "काढते" म्हणाली तेही ऐकू आलं. मी वर बघितलं नाही. बघायला हवं होतं. जिनं सात वर्षांत एक सुकलेली पाकळी हातानं उतरवली नव्हती, ती "काढते" कशी म्हणाली, एवढा विचार माझ्या डोक्यात यायला हवा होता.

मी पाणी बघितलं. काठोकाठ होतं. झाकण आवळलं. जीवन बसला.

"मामा, पाणी?"

"बघितलं."

बारा फेऱ्यांची शर्यत. पहिल्या वळणावरच तो पुढं गेला. सहाव्या फेरीला मागच्या गाडीत आणि त्याच्यात अर्धं वळण अंतर. दाजी घड्याळ बघायचं विसरले. कोइमतूरची माणसं उभी राहिली होती. आठव्या फेरीला मला आवाज बदललेला जाणवला, नवव्या फेरीला बॉनेटच्या कडेनं वाफेची रेघ. मी गरमीचा काटा बसवून दिला होता, तो जीवनला दिसत असणार. तीन फेऱ्या राहिल्या होत्या आणि त्यानं पाय उचलला नाही. त्याच्या जागी मीही उचलला नसता. अकराव्या फेरीत, आमच्या अगदी समोर, तापून इंजिनाचं हेड गेलं. गाडी वीसेक हात घसरत जाऊन थांबली आणि बाकीच्या पाच तिच्या बाजूनं निघून गेल्या.

मी आधी पोहोचलो. बॉनेट उचललं, वाफ बाजूला झाली आणि मला दिसलं. पुढची जाळी आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत आक्काच्या दोन्ही माळा. तिनं त्या उतरवल्या नव्हत्या. गाडीवर लोंबत नाहीत आणि गाडीवरून निघतही नाहीत, अशी जागा तिनं शोधून काढली होती. जाळीवर नको असं मी सांगितलं होतं, जाळीच्या आत नको असं कधी सांगितलं नव्हतं. झेंडू, आंब्याची पानं आणि रिंगणाची धूळ शिजून रेडिएटरला चिकटली होती, वारा आत जायला बोटभर जागा नव्हती. शिजलेल्या झेंडूचा वास कसा असतो ते मला त्या दिवशी कळलं.

मागून जीवन उतरून येत होता. दाजी दोर ओलांडून पळत येत होते, त्यांच्यामागं पदर खोचून आक्का. माझ्याकडं एक फूल ओवायला लागतो तेवढा वेळ होता. मी फार विचार केला असं सांगेन तर खोटं ठरेल. मला फक्त तिचे हात दिसले. हे तिला कळलं तर ते हात पुन्हा सुई धरणार नाहीत, एवढं एकच डोक्यात आलं. मी माळा ओढून काढल्या आणि शर्टाच्या आत पोटाशी कोंबल्या. चटका असा बसला की डोळ्यांपुढं अंधारी आली.

"काय झालं मामा?" जीवननं विचारलं.

"पाणी नव्हतं."

"मी विचारलं होतं तुम्हाला."

"बघितलं म्हनालो. बघायचं राहिलं होतं."

तो माझ्याकडं नुसता बघत राहिला. ओरडला असता, हात उचलला असता तरी मला चाललं असतं. तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "सात वर्षं एकच गोष्ट विचारत होतो मी तुम्हाला. एकच."

संध्याकाळी आक्कानं मला विचारलं, "माझी माळ कोठे गई?" मी म्हटलं, "पडली असंल रिंगणात." जीवन तिथंच पायरीवर बसला होता.

कोइमतूरवाले जिंकलेल्या पोराला घेऊन गेले. महिन्याभरात जीवनही गेला, पुण्याकडच्या एका मोटार कारखान्यात. तिथं त्याला नव्या गाड्या चालवून बघायचं काम लागलं. दिवसभर ठरलेल्या वेगानं गोल फिरायचं, काट्यावर नजर ठेवायची, कागदावर लिहायचं. पुढं कुणी नाही, मागं कुणी नाही. हे मला दाजींनी सांगितलं, कारण तो माझ्याशी बोलत नव्हता. पुढच्या साली दाजी गेले, झोपेतच. गाडी शेडमध्ये गेली आणि टीम संपली. तेराव्यापर्यंत जीवन घरी होता, आणि माझ्याशी बोलला ते मंडपाच्या खुर्च्यांविषयी.

मी आक्काला वाचवलं खरं, पण तिनं मला काही सोडलं नाही. तिचा एकुलता एक मुलगा माझ्यामुळं घर सोडून गेला, असंच तिला वाटत होतं, आणि मीच ते वाटू दिलं होतं. मग तक्रार कुणाकडं करायची? चहा देताना म्हणायची, "साखर टाकली का ते बघून घे. तुला बघायची सवय नाय." मी हसून घ्यायचो. पोटावरचा डाग सायलेन्सरचा आहे असं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

एकदा मात्र तोंडाचं कुलूप निघणारच होतं. दोन हजार तीनचा कुंभमेळा. मळ्यातलं फूल न् फूल रामकुंडाकडं जात होतं, अंगणात झेंडूचे ढीग, आणि आक्का सकाळपासून ओवत बसलेली. जीवन येणार होता, आला नाही. फोनवर सुट्टी नाही म्हणाला. आक्कानं फोन ठेवला आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "घोटभर पानी बघितलं असतं तर आज माझं पोरगं इथं असतं." माझं टाळकं फिरलं. पाच वर्षं गिळलेलं सगळं जिभेवर आलं. मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो, म्हटलं, "आक्का, ऐक." तिनं वर बघितलं. हातातली सुई थांबली नव्हती, आणि ती ओवत होती तेव्हा दर एकोणीस फुलांनंतर आंब्याचं पान घालत होती. कुणी सांगितलं नव्हतं तिला तसं करायला.

"काय करस? बोल ना," ती म्हणाली.

"दोरा संपत आलाय," मी म्हटलं आणि नवं रीळ आणायला गेलो.

दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात आक्का गेली. आता सांगायला मोकळा झालो असं कुणाला वाटेल. मलाही वाटलं होतं. एक फोन करायचा, चार वाक्यं बोलायची, आणि माझा जीवन मला परत. दोनदा नंबर फिरवला. पण जिवंत माणूस निदान रडू शकतो, माफी मागू शकतो. गेलेल्या माणसावर ढकलायचं म्हणजे तिला उत्तर द्यायलाही जागा ठेवायची नाही. मला पोरगा हवा होता. इतका हवा होता की दर दसऱ्याला मी ती गाडी शेडमधून काढायचो, धुवायचो, नवं हेड बसवलेलं इंजिन सुरू करून बघायचो आणि पाणी बघायचो. पण त्यासाठी त्याची आई द्यायची, हे मला जमेना.

आक्काचं वर्षश्राद्ध झालं आणि त्या सालच्या, म्हणजे दोन हजार सातच्या दसऱ्याला जीवन आला. बरोबर त्याची बायको रूपाली. ती पुण्याची, बँकेत आहे, फार सरळ पोरगी. मळा आता अर्धाच राहिला होता, उरलेल्यात इमारती उभ्या राहत होत्या, त्याचं काही कागदांचं काम होतं. मी कसलीही आशा धरली नव्हती असं म्हणेन तर तुम्हाला खरं वाटणार नाही. मी त्या दिवशी दाढी केली होती.

बाजार उरकून आम्ही दुपारी पूजेला लागलो, विधात्यांकडं आधी गिऱ्हाईक आणि मग देव. मी गाडी धुऊन अंगणात लावली होती. जीवन पायरीवर बसून तिच्याकडं बघत होता, जवळ जात नव्हता. त्यानं मला आपट्याची पानं दिली, पाया पडला, तेवढंच. रूपालीनं हळदकुंकू लावलं आणि टोपलीतली सगळ्यांत मोठी माळ उचलली. खुंटीचं तिला काय माहीत. तिनं ती पुढं जाळीवर धरली, घसरायला लागली, तेव्हा तिनं दोन्ही टोकं जाळीच्या आत सरकवली आणि बाकीची बोटानं हळूहळू आत खोवली. छान दिसतंय का म्हणून ती मागं सरली.

मी कसा उठलो ते मला आठवत नाही. मी ती माळ आतून ओढली. दोरा तुटला, फुलं अंगणभर झाली.

"मामा," रूपाली घाबरून म्हणाली, "दसऱ्याची माळ उतरवायची नसते ना? सासूबाई सांगायच्या."

"तिथं नाय ठेवायची," मी म्हटलं. "तिथं नाय. वारा कोंडतो."

मी हात शर्टाला पुसले. वळलो तर जीवन उभा होता. फुलांकडं बघत होता, मग जाळीकडं, मग माझ्याकडं.

"मामा, त्या दिवशी तपासनीसानं खुंटीवरची माळ काढायला लावली होती."

"लावली असंल. मला नाय आठवत."

"आई काढणारी नव्हती. मग तिनं ती ठेवली कुठं?"

"पडली असंल रिंगणात."

"त्या संध्याकाळी पण तुम्ही हेच म्हणाला होता." तो जवळ आला. "पोटावरचा डाग सायलेन्सरचा आहे म्हणता. सायलेन्सर पोटाला कसा लागतो, मामा?"

याचं उत्तर मी नऊ वर्षांत तयार केलं नव्हतं, कारण हा प्रश्न कुणाला पडला नव्हता. मी खाली वाकून फुलं गोळा करायला लागलो. रूपालीही वाकली. तिच्या ओंजळीत, माझ्या ओंजळीत झेंडू. नजर वर करायची माझी हिंमत नव्हती. मग गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला. ते दार जरा उचलून ओढावं लागतं, आणि त्यानं ते बरोबर उचलून ओढलं होतं.

जीवन आत बसला होता. पट्टा आवळला. अंगणात पट्टा कशाला लागतो, पण त्यानं आवळला. मग खिडकीतून मान बाहेर काढली. तेहतीस वर्षांचा झाला होता, कानावरचे केस पिकले होते, आणि डोळे भरून आले होते ते त्यानं पुसले नाहीत.

"मामा, पाणी?"

मी ओंजळीतली फुलं टोपलीत टाकली.

"बघितलं," मी म्हटलं. "त्या दिवशी पन बघितलं होतं."

त्यानं मान हलवली. तिचं नाव त्यानं घेतलं नाही आणि मीही घेतलं नाही. त्यानं चावी फिरवली, गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली, आणि इंजिनाच्या आवाजात तो मला म्हणाला, "बसा."

डावीकडची सीट आम्ही वजन कमी करायला ब्याण्णवलाच काढून टाकली होती. मी फुलांचं एक रिकामं क्रेट आत टाकलं आणि त्यावर बसलो.